तिची कामं अंगठ्याला

"हात नको लावूस हां, माझं मशीन वेगळं आहे." त्याच्या टेबलाजवळ कोणीही गेलं की हे वाक्य ठरलेलं. आणि खरंच वेगळं होतं ते. एक अक्षर दाबावं तर भलतंच काही उघडायचं, मध्ये जागा सोडायला जावं तर अख्खी ओळ उडायची.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. आम्ही दिवसभर काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करणारी माणसं. या कामात प्रत्येकाची एक सेटिंगची फाईल असते. कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, कुठल्या लांबलचक आज्ञेला कुठलं छोटं नाव, ते तिच्यात लिहून ठेवायचं. आमच्या फायली पाच-दहा ओळींच्या. त्याची हजारावर गेलेली, आणि जेवणाच्या सुट्टीतही तिच्यात खुडबुड चालूच.

"किती नटवशील तिला? फाईल आहे की नवी सून?" मी म्हणायचो.

"राहायचंय ना तिच्यासोबत," तो हसून म्हणायचा.

मी त्याचा टीम लीड, आणि बेव्हर्ली पार्कात त्याच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर. घोडबंदरच्या बसने आम्ही सोबत जायचो. मग त्याने बस सोडली, रिक्षाने यायला लागला. शर्ट जाऊन टी-शर्ट आले. "ऍसिडिटी होते रे," म्हणून चहा बंद. डब्यात भाजी भरून गुंडाळलेल्या पोळ्या. "वहिनींनी बाळाचा डबा दिला वाटतं!" असं मी म्हटलं की अख्खं टेबल हसायचं. सगळ्यात मोठ्याने मीच.

एक दिवस वरून फर्मान आलं. सगळ्यांची मशीनं पुसून कोरी करायची, सेटिंग एकसारखी, स्वतःची फाईल कोणी टाकायची नाही. "सबका सेम चाहिए, कोई एक्सेप्शन नहीं," मोठे साहेब म्हणाले. कोणाचं मशीन आधी पुसायचं ती यादी मी करत होतो. तो माझ्याकडे आला.

"माझं तेवढं वगळ ना यार. सहा महिने फक्त. पोरीची दहावी होऊ दे."

"दहावीचा आणि तुझ्या फायलीचा काय संबंध?"

तो काहीतरी सांगणार असं वाटलं. पण, "जाऊ दे, काही नाही," एवढंच म्हणाला. मी यादीत त्याचं नाव सगळ्यात वर टाकलं. गंमत म्हणून. देवाशपथ, गंमत म्हणून.

सोमवारी ग्राहकांसोबत मीटिंग होती आणि त्याची स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. एक साधी आज्ञा लिहायची होती. ती त्याने चार वेळा लिहिली. अक्षरं दोन-दोन, तीन-तीन उमटत होती, खोडायला गेला की भलतंच खोडलं जात होतं. पलीकडून कोणीतरी विचारलं, "भाई, सो गए क्या?" मी चिडून त्याच्या टेबलाशी गेलो आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्या हातांकडे नीट बघितलं. बोटं कीबोर्डवर नुसती पडली होती. तो ती मनगटाने ओढत होता.

मज्जातंतूंचा आजार. दीड वर्षापासून त्याला माहीत होता, घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. महिन्याभरात त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. तो लिहून घेणाराही मीच.

पुसण्याआधी घेतलेली त्याच्या फायलीची प्रत सर्व्हरवर होती. नंतर कधीतरी मी ती उघडली. अशा फायलीत काही ओळी मशीन वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. त्याने त्या मराठीत लिहिल्या होत्या.

"उजवी करंगळी दमते. तिची कामं अंगठ्याला."

"अक्षर दोनदा आलं तर एकच धर. बोट उचलायला उशीर होतो."

"डावं मधलं बोट बंद. त्याची कामं शेजारच्याला."

"नावं छोटी कर. अजून छोटी."

असं पानभर. या फायलीला मी नवी सून म्हणत होतो! वाचता वाचता मला माझी किळस आली.

नियम गेला खड्ड्यात म्हणत मी ती फाईल घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. माझ्या हातातला लॅपटॉप बघून म्हणाल्या, "उशीर केलात, भावोजी."

तो उशांना टेकून बसवलेला. मी त्याची सगळी सेटिंग चढवली आणि कीबोर्ड त्याच्या उजव्या हाताखाली सरकवला. एकट्या अंगठ्यावरही पुष्कळ काही चालेल असं त्याने करून ठेवलं होतं. आम्ही दोघं अंगठ्याकडे बघत राहिलो. तो हलला नाही.

"परवापासून तोही उठत नाही," वहिनी म्हणाल्या.

त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"खाली... लिही. उजवा अंगठा बंद."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला, लिहिलं. त्याच्या पद्धतीप्रमाणे पुढचंही विचारलं, "आणि त्याची कामं कोणाला?"

त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

"कोणी उरलं नाही," म्हणाला. "लिही."

मी ते दहाही बोटांनी लिहिलं.