जास्त वॉरंटीची बॅटरी

सकाळी बाबांनी गाडीची चावी फिरवली, तर नुसताच टक् असा आवाज आला. बॅटरी संपली होती. बॅटरीवाला दोन नव्या घेऊन आला, एक कमी वॉरंटीची आणि एक जास्त. बाबा म्हणाले, "कमीवालीच बसवा. पंच्याहत्तरी झाली माझी, आता कितीशी चालवणार मी?"

तेवढ्यात आई हळदकुंकवाची कोयरी घेऊन खाली आली. आमच्याकडे नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय वापरात येत नाही, मग तो मिक्सर असो की बॅटरी. तिनं बाबांचं बोलणं ऐकलं होतं. तिनं सरळ जास्त वॉरंटीच्या बॅटरीला कुंकवाचं बोट टेकवलं. आता कुंकू लावलेली वस्तू परत कशी पाठवणार? बॅटरीवाल्यानं हसून पाना काढला.

'तुम्ही खूप जगा' असं त्यांच्या पिढीतल्या बायकोला नवऱ्याला तोंडावर म्हणता येत नाही. मग ते कधी स्वेटर विणून सांगायचं, कधी भाजीत मीठ कमी घालून, आणि कधी असं.

गाडी सुरू झाली. आई शेजारी बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "सावकाश चालवा. घाई कसली? वॉरंटी भरपूर आहे."