वाजलं की उचलायचं

वाळकं घोसाळं कानाशी धरायचं, डोळे मिटून हलकेच हलवायचं आणि मग जाहीर करायचं, "वाजलं. उचला आता." ही मावशींची पद्धत. घोसाळं वेलीवर पुरतं वाळलं की आतलं बी सुटं होतं आणि खुळखुळ्यासारखं वाजतं, हे बागकामाची हौस असलेल्या तुम्हा मंडळींना ठाऊक असेलच. पण आम्हाला कानाशी धरूनही जे कळायचं नाही, ते मावशींना वेलीखालून वाऱ्यावर ऐकू यायचं. "त्या कोपऱ्यातल्याला आणखी चार दिवस," असं त्या चालता चालता सांगायच्या आणि ते पाचव्या दिवशी खरंच वाजायचं.

मावशी नागपूरच्या. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या, तीन-तीन मिनिटं मोजून लाइन जोडून देण्याच्या, ट्रंककॉलच्या जमान्यातल्या. नवरा गेला, नोकरी संपली आणि त्या मुलाकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायला आल्या. मी पुण्याहून तिथे आलेली, एका कंपनीत प्रोग्रॅमर. आमची गाठ पडली ती गावच्या सार्वजनिक बागेत. अर्ज केला की तिथे प्रत्येकाला एक वाफा मिळायचा आणि सगळ्यांत मिळून एक जुनं काचेचं ग्रीनहाऊस होतं. मला कोथिंबीर आणि मिरच्या याच्या पलीकडे महत्त्वाकांक्षा नव्हती. मावशींना होती. त्यांच्या क्वार्टरच्या भिंतीवर नवऱ्याने लावलेला घोसाळ्याचा वेल होता. त्याचं बी त्या रुमालाच्या गाठीत बांधून घेऊन आल्या होत्या आणि दर वर्षी नवं बी धरून त्यांनी तो वेल अमेरिकेत चालू ठेवला होता.

त्यांचं इंग्रजी टेलिफोन एक्स्चेंजमधलं. आमच्या बागेत हॅरल्ड नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या डेलियांबद्दल ते बोलायला लागले की ऊन कलायचं. मावशी मध्येच हात वर करून म्हणायच्या, "थ्री मिनिट्स ओव्हर, हॅरल्ड. एक्स्टेंड?" हॅरल्ड दर वेळी "येस प्लीज" म्हणायचे. "स्पीक ऑन," असं म्हणून मावशी पुन्हा ऐकायला बसायच्या. त्या ऐकायच्या मात्र मनापासून. बागेतले झाडून सगळे अमेरिकन त्यांना 'मॉशी' म्हणत. ते त्यांचं नाव आहे अशीच सगळ्यांची समजूत होती.

ऑक्टोबरचा पहिला रविवार हा आमचा कामाचा दिवस असायचा. ग्रीनहाऊसच्या काचा धुवायच्या, कुंड्या घासायच्या, डेलियांचे कंद खणून भुशात ठेवायचे, जिरेनियम आत आणायचे, फटींना बबल रॅप चिकटवायचा, रिकाम्या वाफ्यांत लसूण लावायचा. मावशी डबाभर चिवडा घेऊन यायच्या आणि कुंड्या घासता घासता सगळ्यांची चौकशी करायच्या. माझं ऑफिस, माझी सासू, माझा व्हिसा, सगळं त्यांना पाठ होतं. मला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं, हा प्रश्न त्या काळात मला कधी पडला नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे पहिला फ्रॉस्ट पडतो. दव गोठतं आणि एका रात्रीत हिरवा वाफा काळाठिक्कर होतो. त्या दिवशी संध्याकाळच्या आत झाडांवर चादरी टाकल्या तर आणखी पंधरा दिवस मिळतात. आम्हाला हे पंधरा दिवस म्हणजे चार मिरच्या जास्त. मावशींना ते पंधरा दिवस म्हणजे बी. भाजीचं घोसाळं ऑगस्टमध्येच मिळतं, पण बियांचं घोसाळं वाळायला ऑक्टोबर संपावा लागतो. "भाजी काय, बाजारात मिळते," त्या म्हणायच्या. "बी राह्यलं पाहिजे."

म्हणून त्यांनी आमचं एक्स्चेंज उभं केलं. बारा जणांची यादी करून ग्रीनहाऊसच्या दाराला लावली. हॅरल्ड रेडिओवर हवामान ऐकणार. फ्रॉस्टचा इशारा आला की ते दुसऱ्या नावाला फोन करणार, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटपर्यंत. अकरावं नाव माझं होतं आणि बारावं मावशींचं. "तुम्ही शेवटी का?" मी विचारलं होतं.

"शेवटच्यालाच तं कळते पोरी, लाइन लागली का तुटली. आणि माझी काळजी नाही. फोन वाजला आणि मी उचलला नाही, असं तीस वर्षांत झालं नाही. वाजलं की उचलायचं."

घरी त्या दुसऱ्या घंटेला फोन उचलत. "जयभीम, बोला." त्यांचं पांघरूणही ठरलेलं होतं. जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्या धुऊन, घड्या करून त्या ग्रीनहाऊसच्या फळीवर ठेवून देत. इशारा आला की चालत बागेत जाऊन मांडवावरून त्या साड्या सोडायच्या आणि खालून खोचून घ्यायच्या. त्या वेलाला नेसवतात, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

दोन हजार तीन सालच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट आहे. चांगली उबदार दुपार होती. चार वाजता मला ऑफिसात फोन आला: आज फ्रॉस्ट, पुढे सांग. आमच्याकडे त्या आठवड्यात माणसं कमी करण्याची कुजबुज चालू होती आणि त्याच क्षणी मॅनेजरने सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. मीटिंगमध्ये सहा जणांची नावं वाचली. माझं नव्हतं. मी बाहेर आले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खोक्यात सामान भरत होती, तिच्याजवळ बसले, तिला घरी सोडलं. मावशींना फोन करायचा राहिला.

इथपर्यंत तुम्ही मला माफ कराल. मीही स्वतःला केलं असतं. पण त्या मीटिंगला जाता जाता मी नवऱ्याला फोन केला होता, "येताना आपल्या मिरच्यांवर चादर टाक." आपलं ठेवावं झाकून, ही म्हण मी शब्दशः पाळली होती. त्या एका मिनिटात मावशींनाही फोन झाला असता.

सकाळी सातला मी बागेत पोचले. सगळ्या वाफ्यांवर चादरी, टॉवेल, फुलाफुलांचे पडदे. एकच वाफा उघडा होता. घोसाळ्याची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती आणि अर्धी हिरवी घोसाळी हाताला पिचपिचीत लागत होती. ग्रीनहाऊसच्या फळीवर साड्यांच्या घड्या तशाच होत्या.

मावशी तिथेच उभ्या होत्या. हॅरल्ड आणि इतर दोघं-तिघं त्यांच्याभोवती होते. हॅरल्डनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तू मॉशीला फोन केला नव्हतास?"

"केला होता," मी म्हटलं. "दोनदा केला. वाजला, पण कोणी उचलला नाही."

इतकं सहज आलं ते तोंडातून. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता, हेच तर सांगायचं आहे. "किती वाजता केला गं?"

"पाचच्या सुमाराला."

"पाचला तं मी फोनजवळच बसून होती. मेथी निवडून राह्यली होती." मग त्यांनी एक घोसाळं तोडलं, कानाशी धरून हलवलं आणि म्हणाल्या, "मलेच ऐकू नाही आलं म्हणायचं."

त्या क्षणी एक वाक्य बोलायला हवं होतं. नाही बोलले. चार लोकांसमोर कसं बोलायचं, एकट्या भेटल्या की सांगू, असं मनात म्हटलं. एकट्या भेटल्या तेव्हा वाटलं, आता विषय कशाला काढा.

विषय मात्र माझी वाट पाहत थांबला नाही. मावशी घरात फोनचा हँडसेट स्वयंपाकाच्या ओट्यापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत बरोबर घेऊन फिरायला लागल्या. बागेत कोणी बोललं की कानामागे हात धरायच्या. मग लोकही मोठ्याने बोलायला लागले. हॅरल्ड तर ओरडायचे. तीन मिनिटं झाल्याची सूचना बंद झाली, कारण मावशींना वाटायचं, आपण मधलं काही ऐकलंच नसेल, तर लोकांना कसं थांबवायचं? "सॉरी, लाइन नॉट क्लिअर," एवढंच म्हणून त्या हसायच्या. नोव्हेंबरात ग्रीनहाऊसच्या दारावरची यादी बदललेली दिसली. बारावं नाव नव्हतं.

एप्रिलमध्ये ग्रीनहाऊसात रोपांची कामं सुरू झाली. मावशींकडे बी नव्हतं. उरलेलं बी त्या दर वर्षी वाटून टाकायच्या आणि ते लावणाऱ्यांनी घोसाळ्याची भजी खाऊन बी धरायचा कंटाळा केला होता. एका सकाळी त्या माझ्या शेजारी बसून कागदी पेल्यांत माती भरत होत्या.

"सूनबाई कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती," त्या म्हणाल्या. "डोक्याला मशीन लावून पाह्यलं. डॉक्टरीण म्हणते, कान या वयात असे कोणाचे नसतात."

माझ्या जिवात जीव आला. "बघा! मग काय तर! कान उत्तम आहेत तुमचे."

"काय उत्तम? तिचं मशीन तिच्यापाशी. तू दोनदा फोन केला आणि मी शेजारी बसून ऐकला नाही. मग काय तू खोटं बोलून राह्यली?" आणि हा मोठाच विनोद झाला अशा त्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्याच आठवड्यात मी घर पालथं घातलं. दोन वर्षांपूर्वी मावशींनी मला घोसाळ्याच्या पाच बिया दिल्या होत्या आणि मी त्या कधी लावल्याच नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँड आणि मेणबत्त्यांच्या खाली ती पुडी सापडली. आळसाचा असा उपयोग क्वचितच होतो. पाचांतल्या तीन उगवल्या. त्या उन्हाळ्यात मी मुलांपेक्षा त्या वेलांकडे जास्त पाहिलं असेल. मावशींना काही सांगितलं नाही. त्या आता बागेत फारशा येत नसत, वाफा त्यांनी सोडला होता. ऑक्टोबरात फ्रॉस्टचा फोन वेळेवर आला. फळीवरच्या त्यांच्याच साड्या मी वेलावर सोडल्या. महिनाअखेरीस एक घोसाळं वाजलं.

ते घेऊन मी त्यांच्या घरी गेले. जाताना गाडीत वाक्य पाठ केलं होतं. 'मावशी, मी त्या दिवशी फोन केलाच नव्हता.' सहा-सात शब्दांचं वाक्य.

घोसाळं पाहून त्यांचे डोळे भरले. "आमच्याच वेलाचं?" त्यांनी ते कानाशी नेलं, डोळे मिटले, हलवलं. चेहरा क्षणभर जुना झाला, वेलीखालून चालतानाचा. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते माझ्या कानाशी धरलं. "तू सांग पोरी. वाजून राह्यलं ना खरंच? माझ्या कानाचा काही भरवसा नाही."

"वाजतंय, मावशी," मी म्हटलं. "छान वाजतंय."

एवढंच म्हटलं. चहा प्यायले, पोहे खाल्ले आणि परत आले.

पुढच्या वसंतात त्या नागपूरला कायमच्या गेल्या. बी बरोबर नेलं. विमानतळावर मुलगा आणि सून एकदम बोलत होते आणि मावशी दोघांच्या तोंडाकडे पाहत मान हलवत होत्या. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "फोन करत जा गं." मी अडीच वर्षं केला नाही. पत्र लिहिता आलं असतं, तेही लिहिलं नाही. सांगायचं काय ते माहीत होतं म्हणूनच.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी मी बागेतल्या चादरी काढत होते. यादीत आता शेवटचं नाव माझं होतं आणि आदल्या दिवशी मला चौघांनी फोन करून खात्री केली होती, मावशींच्या वेळेसारखं नको म्हणून. मी घरी आले, हातही न धुता नागपूरचा नंबर लावला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजत आले असतील. फोन वाजत राहिला. 'जयभीम, बोला' आलं नाही. ठेवला, पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला आणि आपोआप बंद झाला.

मग त्यांच्या मुलाला फोन केला. मावशी बऱ्या आहेत ना?

"अगं, आई मजेत आहे. घरीच असेल," तो म्हणाला. "ती फोन उचलतच नाही हल्ली. म्हणते, मला ऐकू येत नाही, समोरच्याला उगाच त्रास. शेजारची मुलगी आलेली असली तर ती उचलते. तू उद्या ट्राय कर."

उद्या रविवार होता, ग्रीनहाऊसची उरलेली कामं होती. मी ट्राय केलं नाही. जानेवारीत मावशी गेल्या. झोपेतच, त्रास न होता, असं त्याने सांगितलं.

त्या शनिवारी मी खरोखर दोनदा फोन केला होता. तो वाजला आणि कोणी उचलला नाही. भिंतीवर वेल असेल, पलीकडे खुर्चीत मावशी बसल्या असतील, मांडीवर मेथी. ते कान मला माहीत आहेत. दोन्ही वेळा त्यांनी शेवटच्या घंटेपर्यंत ऐकला असणार.