पडद्यामागची भिंत

त्या दुपारचा प्रसंग इतक्या वर्षांनीही जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी उमरग्याला फौजदार होतो. निजामाच्या अमदानीतलं जुनं टॉकीज गावातल्या नाटकवेड्या मंडळींनी घेतलं, सिनेमाचा पडदा उतरवला, रंगमंच बांधला. तालमी सुरू झाल्या आणि आठवड्यात तक्रार आली, की नायिकेची वाक्यं तिच्यामागोमाग आणखी एक बाई म्हणते. बाई दिसत मात्र नाही. नटी तापानं फणफणली, तालमी थांबल्या.

जमादार हसला. पण टॉकीजचा म्हातारा दरवान ठाण्यात येऊन हळूच म्हणाला, "साब, लोक भूत म्हणतेत. म्या त्याला खोकताना ऐकलंय. भूत कशाला खोकंल?"

नटी बरी झाल्यावर मी एका दुपारी तालीम पुन्हा लावली आणि रिकाम्या खुर्च्यांत बसलो. ती बोलू लागली अन् भिंतीतून तेच शब्द आले, घोगरे, किंचित मागून. मी चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून तिला दिला. तिनं नाटकी सुरातच विचारलं, "बाई गं, तू कोण?"

मग आवाज आला, "म्या जिती हाय."

पडदा निघाल्यामुळे मागच्या भिंतीतला झरोका उघडा पडला होता. पलीकडे एका प्रतिष्ठित गृहस्थाचं घर. त्याची बायको पळून गेल्याची दोन वर्षांपूर्वीची नोंद ठाण्यात होती. अक्षर माझंच. नंतर त्यानं दुसरं लग्न केलं होतं.

चौकशीत तो शांत होता. "तुम्हीच लिहून घेतलं न्हवं का, साहेब?"

"मागच्या खोलीत काय आहे?"

"कडबा."

"कडब्याला कुलूप?"

त्याचा हात नकळत कमरेच्या किल्लीवर गेला. पंचांसमक्ष खोली उघडली. कोपऱ्यात एक बाई उजेडापुढं हात धरून बसली होती.

"वरडलं की मार बसायचा," ती म्हणाली. "नाटकातलं बोललं तर घरच्यास्नी वाटायचं, तालीम चाललीय." मग तिनं विचारलं, "त्या नाटकात पुढं काय झालं, साहेब? मधी लई दिस ऐकाया आलं न्हाय."

नवऱ्याला शिक्षा झाली, ती माहेरी गेली. त्यानंतर घरच्यांच्या शब्दावर कुणाही बाईची 'पळून गेली' अशी नोंद मी केली नाही. आधी घर पाहिलं. शहाणपण उशिरा आलं. दोन वर्षांपूर्वी तिचा बाप ठाण्याच्या पायरीवर दोन दिवस बसून होता. "माझी पोर पळणारी न्हाय," एवढंच म्हणत होता. मीच त्याला गावी परत पाठवलं होतं.