सव्वासातची बस आणि मावशीचे बोंबील

मी पत्रकं लिहीत मोठी झाले. शाळेत मला निबंधाला कमी मार्क पडायचे, कारण मी पहिल्याच ओळीत मागणी करायचे. कॉलेजात गेल्यावर नाल्याचं पाणी, कचऱ्याचा धूर, रस्त्यासाठी पाडलेली झाडं, जे दिसेल त्यावर मी पत्रक काढलं. पत्रकाचं एक शास्त्र असतं. वर जाड अक्षरात असं काही लिहायचं की स्टेशनकडे पळणारा माणूस जागच्या जागी थांबला पाहिजे. मध्ये संताप. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, तपशील: कुठलं पाणी, कुठली जागा, कोणाचा दोष आहे आणि कोणाचा नाही. ज्याला गरज असेल तो डोळे बारीक करून वाचतो.

हे शास्त्र मी जसंच्या तसं रेडिओवर नेलं आणि एका बाईचा पावसाळा बुडायची वेळ आणली.

बोईसरहून कुंभवलीकडे जाताना एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. दोन खोल्या. त्यातल्या एकीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्यात, तो स्टुडिओ. छतावर सौर पॅनेल आहेत. माझी नेमणूक ‘पर्यावरण प्रतिनिधी’ अशी झाली आणि पहिलं काम मिळालं ते ओल्या फडक्याने पॅनेल पुसण्याचं. औद्योगिक वसाहतीतली धूळ त्यांच्यावर असा थर धरते की त्यात बोटाने घोषणा लिहिता येते. मी आधी लिहायचे, मग पुसायचे. केंद्र सांभाळणारे सर निवृत्त शिक्षक. ते खालून ओरडायचे, “घोषणा झाली असेल तर जरा वीज येऊ दे!”

माझी पहिली दोन स्क्रिप्टं वाचून ते म्हणाले, “भाषण उत्तम आहे. आता कार्यक्रम कर.”

मला राग आला. मला तेव्हा कशाचाही राग यायचा. आवाज मुद्रित करायचं यंत्र खांद्याला लावून मी तडक खाडीकाठच्या नवापूरला गेले.

नवापूरची एक मावशी मला लहानपणापासून ओळखते. माझे वडील कारखान्यात नोकरीला, मूळचे सांगलीकडचे. आम्ही बोईसरला कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ही मावशी सुकी मासळी घेऊन आमच्या दारी येते. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून येते. किनाऱ्यावर बांबूंच्या ओळींवर तिचे बोंबील टांगलेले होते, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून, जोडीजोडीने.

“काय गं बाय, मासळी घ्यायला स्वतः आलीस?”

“मावशी, मी खाडीवर कार्यक्रम करतेय.”

“कर की. बघून तरी घे.”

मी बघितलं. ओहोटीच्या वेळी खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि कडेला साबणासारखा फेस. वास असा, की मी रुमाल काढला आणि मावशी हसली. कुठून येतं हे, असं विचारल्यावर तिने हात हलवून सगळी क्षितिजंच दाखवली. मी चिखलात चालतानाचा आवाज घेतला, माझ्या संतापाचा घेतला, तिचाही घेतला.

मग तिथेच मच्छीमार बायकांच्या गटाला मिळालेला सोलार ड्रायर बघायला गेले. काचेचं झाकण, आत जाळ्या, वर चिमुकला पंखा. स्वच्छ ऊर्जेची यशोगाथा मी मनात लिहूनच आणली होती. झाकण उघडलं तर आत लाल मिरच्या आणि कोणाच्या तरी कुरडया.

“मावशी, यात मिरच्या?”

“मग काय रिकामी ठेवू पेटी?”

“मासे सुकवायला दिलीय ना?”

“जवला सुकवतो की आमी. चांगला सुकतो, रेती लागत नाय. पन बोंबलाला वारा लागतो. पेटीत घातला तर उकडून गप पडतो, तुज्या बाबासारखा.”

सगळ्या बायका खिदळल्या. माझे बाबा खरंच गप असतात.

“अहो, पण ही स्वच्छ ऊर्जा आहे!” मी म्हटलं.

मावशीने डोक्यावरच्या सूर्याकडे बोट केलं. “आनि ह्यो? ह्यो काय कोळशावर चालतो?”

तिचं हे वाक्य मी कार्यक्रमात घेतलं. तिने हेही सांगितलं होतं की बोंबील लांबच्या दर्यातून येतात, खाडीशी त्यांचा काही संबंध नाही. तेही घेतलं. दोन्ही दुसऱ्या भागात घेतलं, तळाला, जिथे तपशील असतात तिथे.

वर काय घेतलं ते सांगायला आता लाज वाटते. सकाळी सात वाजता माझा आवाज: “ताटात विष!” मग खाडी, चिखल, फेस. त्याच्या मागे मावशीची हाळी, “घ्या बोंबील, घ्या जवला!” ही हाळी मला फार परिणामकारक वाटली होती. सरांनी आधी ऐकून विचारलं होतं, “ते दर्याचं वाक्य जरा पुढे नाही का घेता येणार?”

“सर, खुलासे शेवटी असतात,” मी म्हणाले. त्यांनी कार्यक्रम तसाच लावला. शिक्षक होते, चूक करू द्यायची सवय असणार.

मे महिना चालू होता. आगोटीचे दिवस, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे. कार्यक्रमाला चार दिवस झाले असतील. मी घरात चहा पीत होते आणि दारात आई नि मावशी बोलत होत्या.

“ताई, आगोटीचे बोंबील आनलेत. बघा कसले पांढरेशुभ्र हायेत.”

“यंदा नको गं.”

“का? सायबांना आवडेनासे झाले?”

“तसं नाही. रेडिओवर सांगितलं ना. ताटात विष म्हणून.” आणि आईने मान जरा वर केली. “आमच्याच पोरीने सांगितलं.”

मावशीने आईच्या खांद्यावरून आत पाहिलं. माझा कप तोंडाशी होता, तो तिथेच राहिला.

“ही काय, हितंच बसलीय की विषवाली.”

मी उठून दारात आले. मावशीने टोपली खाली ठेवली आणि जिन्यात बसली. तिचा आवाज बदलला. “खालच्या माळ्यावर नको म्हनाले. पलीकडच्या बिल्डिंगीत तर दारच उघडलं नाय, आतून रेडिओ, रेडिओ म्हनाले. पोरी, पंधरा दिवसांत पाऊस येईल. होड्या बंद होतील. हे आता गेलं नाय तर दमट होतं, मग कोन हात लावत नाय. सुगीपासून सुकवलंय. ह्याच्यावरच आमचा पावसाळा जातो.”

“आई, तू पूर्ण ऐकलास का कार्यक्रम?” मी आईवरच घसरले. “दुसऱ्या भागात स्पष्ट सांगितलंय की बोंबील दर्यातले आहेत!”

“सव्वासातला कंपनीची बस येते,” आई म्हणाली. “बाबांचा डबा घेऊन खाली कोण जातं? तुझं रेडिओ स्टेशन?”

मी कॉलनी डोळ्यांसमोर आणली. सव्वासातला बसचा हॉर्न वाजतो आणि प्रत्येक जिन्यातून एक माणूस आणि त्याच्या मागे एक डबा धावत खाली येतो. वर येईपर्यंत कुकरची शिटी होते, नळाचं पाणी जायला लागतं. इथे पंचवीस वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझा दुसरा भाग सात वाजून अठरा मिनिटांनी सुरू झाला होता. तो मी, सर आणि गोधड्यांनी ऐकला.

“मी खुलासा देते,” मी म्हटलं आणि तिथेच वहीत लिहून मोठ्याने वाचला: “श्रोत्यांच्या मनात निर्माण झालेला संभ्रम दूर व्हावा, या हेतूने नम्रपणे कळविण्यात येते की...”

“कोन वारलं?” मावशीने विचारलं.

आई तोंडाला पदर लावून आत गेली.

“हे कोन ऐकनार गं? मीच बोलते,” मावशी म्हणाली. “बसच्या आधी.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सहा आसनी रिक्षाने ती आली, टोपली घेऊन. टोपली बाहेर ठेवा म्हटलं तर म्हणाली, “चोरी झाली तर तू भरून देशील?” त्यामुळे टोपलीही स्टुडिओत आली. गोधड्यांना पुढे महिनाभर वास होता. मी छतावर पॅनेल पुसत होते तेव्हा ती शिडीशी उभी राहून बघत होती. “कोपरा राहिला,” म्हणाली. खरंच राहिला होता.

सात वाजले. सरांनी लाल दिवा लावला. तिने माइककडे पाहिलंच नाही, समोरच्या भिंतीकडे पाहून बोलली, जसं जिन्यातून वर हाक मारावी तसं.

“ओ ताई, ओ वहिनी, मी नवापूरची, टोपली घेऊन येते ती. माझा बोंबील खाडीतला नाय. नवरा नि दीर होडी घेऊन जातात, किनारा दिसायचा बंद होतो तिथून आनतात. मी वाऱ्यावर सुकवते. खाडीतलं मी तुमाला कदी इकतच नाय, कारन आता खाडीत इकन्यासारखं काय गावतच नाय. माझी सासू तिथं गुडघाभर पान्यात उभी राहून हातानं कोलंबी काढायची, सकाळच्या कालवनापुरती. लगीन होऊन आले तवा मी पन काढली. आता माझ्या सुनेला मी त्या पान्यात पाय घालू देत नाय. खाज येते. पोरीनं खोटं नाय सांगितलं. आधीचं मागं नि मागचं आधी केलं. साडेदहाला येते मी. घ्या नायतर नका घेऊ, पन दार उघडा.”

सात वाजून चार मिनिटं झाली होती. खाडीवर मी तोवर नऊ पानं लिहिली होती. त्यात ती सासू नव्हती, ती कोलंबी नव्हती, सुनेचा पाय नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर.

साडेदहाला टोपली माझ्या डोक्यावर होती. हीसुद्धा मावशीचीच अट. खालच्या माळ्यावरच्या काकूंनी दार उघडलं, मला बघून हसल्या आणि नेहमीपेक्षा जास्त घासाघीस केली. पलीकडच्या बिल्डिंगीत तीन दारं उघडली, दोन नाही उघडली. त्या दोन दारांसमोर मी जरा जास्त वेळ उभी राहिले. मावशीने मला कोपराने ढकललं. “चल, शिक्षा काय आजच पुरी करतेस?”

शेवटी आमचं दार.

“खाडीतला नाही ना नक्की?” आईने उगाच विचारलं.

“ताई, खाडीतला असता तर टोपलीत कशाला, देव्हाऱ्यात ठेवला असता.”

टोपलीत दरवर्षी उरतं त्याहून बरंच उरलं होतं. आईने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सगळे दे. घरचीच चूक आहे.”

मावशी रिकामी टोपली काखेत घेऊन जिना उतरायला लागली. वळणावर थांबली. “आता खाडीचं सांग. सोडू नको. रोज सांग. पन कसलं विष नि कुठं, ते आधी सांग. नि माझी हाळी काढून टाक त्यातून.”

हाळी काढली. खाडी आता सातच्या ठोक्याला लागते आणि पहिल्याच वाक्यात जागा सांगते. सरांनी अजून शाबासकी दिलेली नाही, पण खालून ओरडत नाहीत.

पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या घरी बोंबलाची चटणी, बोंबलाचं कालवण, बोंबील भाजून, बोंबील वांग्यात. एवढ्यात एका सकाळी गप राहणाऱ्या माझ्या बाबांनी चक्क तोंड उघडलं. खाली बसचा हॉर्न वाजत होता आणि ते डबा नाकाशी धरून दारात उभे होते.

“आज पण तेच?”

“तुमच्या मुलीचा कार्यक्रम आहे तो,” आई म्हणाली. “पूर्ण संपवायचा.”