उलटी सीट

आमच्या महालकडच्या शहर बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट उलटी होती. तिथे बसलं की मळमळायचं, म्हणून सगळे ती टाळायचे. रुंद खांद्यांचा एक म्हातारा मात्र रोज तिथेच बसायचा आणि आम्हा सगळ्यांकडे एकटक बघत राहायचा. मला त्याचा रागच यायचा. बसने वेग घेतला की तो दोन्ही मुठी आवळून पोटाकडे ओढायचा.

एकदा न राहवून विचारलं, "उलटं बसून मळमळत नाही का हो?"

"नाही गा. पलटणीत होतो तवा शर्यतीची होडी वल्हवत होतो. चॅम्पियन होतो मी. वल्हवणारा पाठ करूनच समोर जाते. जे मांगं पडले, तेवढेच त्याले दिसते."

"आणि हरताना?"

"तवा कोणीच दिसत नाही. नुस्तं पाणी."

एका संध्याकाळी बस रिकामी होत गेली. शेवटी तो आणि मी, दोघंच उरलो. माझा महालचा थांबा आला तसा मी उठलो.

"उतरून राहिला का गा?" त्याने विचारलं. त्याच्या मुठी सैल पडल्या होत्या.

"हो," म्हणालो आणि उतरलो.

बस सुटली. तो तसाच बसला होता. त्याच्यासमोर नुसती बाकडी होती.