झडतीवाले मामा

आमच्या हॉटेलच्या दारावरच्या मामांनी मला वाचवलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुमचा त्यावर विश्वास बसायचा नाही. कारण साऱ्या सोलापुरात ह्या माणसाइतका संशयी माणूस झाला नाही. देवळात गेले तरी ते नमस्कार एका हातानं करायचे, दुसरा हात काखेतल्या वहाणांवर.

मामा मोडनिंबचे. उमेदीची वर्षं त्यांनी गिरणीच्या फाटकावर सुटलेल्या कामगारांची झडती घेण्यात घालवली. एका शेठजींनी मुंबईचं पाहून पाच मजल्यांचं हॉटेल उभारलं, तेव्हा गिरणीतला भरवशाचा माणूस म्हणून मामांना दारावर आणलं. मामांनी गिरणी सोडली, झडती सोडली नाही. बाहेर पडणारा पाहुणा टांग्यात बसण्याआधी मामा अदबीनं मुजरा करत आणि त्याच वाकण्यात त्याचे खिसे चाचपून घेत. पुष्कळांना तो हॉटेलचा शिरस्ताच वाटे. हॉटेलातल्या एकेका चैनीवर त्यांचा राग होता. छताच्या विजेच्या पंख्याखाली ते कधी उभे राहिले नाहीत. चिनी मातीचा न्हाणीतला टब पाहून म्हणाले, "माणूस बुडवायची सोय केलीया की!" आणि लिफ्ट तर त्यांची दुष्मनच. ती चालवायला मी होतो, मालवणाकडचा, चौथीतून शाळा सुटलेला, ह्या मुलखात ओळखीचं कुत्रं नसलेला. मी दार ओढलं की मामा आत माणसं किती ते मोजत, शंभरावर पायऱ्या धापा टाकत चढत आणि वर तितकीच उतरतात का ते पाहत.

"मामा, माणसं वाटेत कुठं जातील?"

"तेच तर कळंना, म्हणून बघतोय."

माझी झडती दिवसातून दोनदा. ती माझ्या मनाला फार लागायची.

एके दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचं सोन्याचं घड्याळ गेलं. त्यांची ट्रंक मीच खोलीत पोचवली होती. मॅनेजरसाहेबांनी खाली सगळ्यांदेखत विचारलं, "तुला ओळखणारं इथं कोण आहे?" कोणीच नव्हतं. पोलीस येणार, आणि सुटलो तरी चोर म्हणून घरी कोणत्या तोंडानं जाणार?

"मी वळखतो," दारातून मामा बोलले. "सकाळधरनं दोनदा तपासलाय. त्याच्याकडं एक कंगवा हाय, तोबी दात पडल्याला. आता साहेबांची झडती व्हईल."

"माझी?" वकीलसाहेब कडाडले. "घड्याळ माझंच गेलंय!"

"गिरणीचा साहेबबी माझ्याम्होरनं झडतीबिगर गेला न्हाय. पागोटं काढा. चोरीचं सूत न्हेमी डोक्यावरनंच भाईर जातं."

मॅनेजरसाहेब मधे पडेपर्यंत पागोटं मामांच्या हातात होतं. त्यांच्या बोटांनी एकेक पीळ चाचपला, आणि आतून घड्याळ निघालं. वकीलसाहेब ओशाळले. ह्या हॉटेलातल्या माणसांचा भरवसा वाटेना, म्हणून त्यांनीच ते सकाळी तिथं दडवलं होतं, आणि विसरले होते. मामांनी त्यांच्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं. म्हणाले, "शाना माणूस हाय."

मी मामांच्या पाया पडलो. उठताना त्यांनी माझे खिसे चाचपले.

आता मामा मोडनिंबला घरीच असतात. पायऱ्यांनी त्यांचे गुडघे खाल्ले. पाहुणे मोजायला ते वर धावतात, असंच मी समजत होतो. जाताना मात्र म्हणाले, "पावनं काय, येत्यात नि जात्यात. त्या लिफ्टच्या पाळण्यात तू रोज बसायचास, पोरा." त्या दिवसापासून लिफ्टचं दार उघडलं की जिन्याकडं माझी नजर जाते. तिथं कोणी नसतं.

एवढ्या पायऱ्या चढूनही गच्चीवरून सोलापूर पाहायचं त्यांचं राहूनच गेलं. माणसं मोजली की ते लगेच खाली दाराकडं पळत. एक दिवस मी त्यांना घेऊन येईन. लिफ्टमध्ये ते बसायचे नाहीत, हे ठाऊक आहे. पाठीवर घेईन आणि पाचही मजले जिन्यानं चढेन. वर पोचल्यावर त्यांनी आधी माझी झडती घ्यावी, मग गाव पाहावं.