उलट्या बाजूचं शिसं

हबीबभाईंना मी शेवटचं पाहिलं ते चंद्रपूरच्या एका दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर. नाकाला नळी होती. टायरच्या दुकानात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाची बोटं पांढऱ्या चादरीवर इतकी स्वच्छ दिसत होती, की ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटावीत. गडचिरोलीहून एसटीत बसल्यापासून मी मनात एकच वाक्य घोकत होतो, आणि अर्ध्या वाटेतच ते तोंडपाठ झालं होतं. पण स्टुलावर बसलो आणि विचारलं काय, तर "जेवण जाते का?" ते म्हणाले, "जाते थोडंसं." मग मी उन्हाबद्दल बोललो, एसटीतल्या गर्दीबद्दल बोललो. निघताना त्यांनी माझा हात धरला. "मेश्रामबाबू, काही सांगाचं होतं काय तुमाले?" मी म्हणालो, "नाई... काही नाई. आराम करा." पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा, सलीमचा, फोन आला. "अब्बा गेले" एवढंच तो बोलला, आणि फोन ठेवल्यावरही मी माझं ते घोकलेलं वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत राहिलो.

ते वाक्य असं होतं : हबीबभाई, ज्या अपघाताचा दोष तुम्ही तेरा वर्षं स्वतःवर घेतला, तो दोष माझा आहे.

नव्वदीच्या दशकात मी गडचिरोलीतल्या एका वाहतूक ठेकेदाराकडे कारकून होतो. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात अशी गावं होती, की एकदा नाले भरले की चार महिने तिकडे जाणं नाही. म्हणून रेशनचं चार महिन्यांचं धान्य पावसाच्या आत पोचवावं लागे. त्या कामासाठी ठेकेदारानं मिलिटरीच्या लिलावातून एक ट्रक आणला. उंच, चारही चाकांनी ओढणारा आणि भांडकुदळ म्हातारीसारखा आवाज करणारा. त्याचा हिरवा रंग आम्ही आधी बदलून घेतला, पांढरा मारला आणि दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत 'धान्य' असं लिहिलं. कारण त्या काळी नक्षल्यांच्या त्या भागात कोणाची गाडी कोणाला पोलिसांची वाटेल, याचा नेम नव्हता. चालवायला राजुऱ्याचे काशीनाथभाऊ आले. वीस वर्षं कोळशाचे ट्रक चालवलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या शेजारी मी, धान्याच्या याद्या मांडीवर घेऊन. मी मुळातच घाबरट. माझी बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती फुरसत लागते.

ट्रक आला तेव्हा त्याचे टायर गोट्यासारखे गुळगुळीत होते. चंद्रपूर रोडवरच्या हबीबभाईंच्या दुकानात नेला. हबीबभाईंचा हात घुग्घुसला कोळशाच्या डंपरांवर बसलेला, त्यामुळे मोठ्या चाकांचं त्यांना वावडं नव्हतं. ठेकेदारानं ट्रकसोबत लिलावातलेच मिलिटरीचे टायर आणले होते, जवळजवळ नवे. हबीबभाईंनी अंगठ्याचं नख रबरात रोवून पाहिलं, वास घेतला, बगलेत चिरा आहेत का ते बघितलं आणि म्हणाले, "माल बढिया आहे. पण हे नाई लावाचे."

"काऊन?" मी विचारलं.

त्यांनी एक टायर दुकानापुढच्या ओल्या मातीतून लोळवत नेला आणि मागे उमटलेली नक्षी मला दाखवली. "हे पाहा. पोलिसाच्या गाडीचाबी असाच ठसा उमटते. रंग बदलवला तुमी, पण ठसा? सकाळी पाणी आणाले निघालेली बाई हे पाहीन, तर गाव जंगलात पयून जाईन. मग धान्य कोणाले देशान, झाडाइले?" ठेकेदार दोन दिवस रुसून बसला, पण शेवटी हबीबभाईंनी नागपूरहून आडव्या जाड दातांचे टायर मागवले. चिखलात तेवढेच धरणारे, पण ठसा साफ निराळा. पुढे काही गावांत पोरं तो ठसा पाहूनच ओरडत, "धान्याची गाडी आली!" माणसाच्या भीतीचा विचार करून टायर निवडणारा दुसरा मिस्त्री मी पाहिला नाही.

चारही टायर त्यांनी हवा भरून एक दिवस तसेच ठेवले आणि मग सुतळीनं घेर मोजला. एक बोटभर मोठा निघाला, तो परत पाठवला. "चारही चाकं ओढतेत ना इचे. एक जरी लहानमोठं असलं, तर गाडी सोताशीच भांडते, अन् मंग गिअर तुटते." एवढं मोठं चाक बॅलन्स करायची मशीन तेव्हा आमच्याकडे कुठली? त्यांनी जुन्या डंपरचं हब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो मधला भाग, सिमेंटच्या खांबात रोवून ठेवलं होतं. त्यावर चाक टांगायचं, हळूच फिरवायचं आणि सोडून द्यायचं. जड बाजू खाली येऊन थांबते. तिथं खडूची खूण करायची आणि बरोब्बर समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा लावायचा. पुन्हा फिरवायचं. "चाक कुठीबी थांबलं पाह्यजे," ते म्हणत. "त्याले आवडती जागा नसावी." आणि या सगळ्याआधी एक नियम : रिम आतून-बाहेरून धुतल्याशिवाय चाक हबवर चढणार नाही. गाडी उभी असताना आतला चिखल खाली घरंगळतो आणि एकाच जागी वाळतो. दगडासारखा. तो चाकाचंच वजन म्हणून मोजला जातो.

हे मला माहीत होतं. दहा वेळा ऐकलं होतं.

त्या वर्षीची शेवटची खेप होती. आदल्या दिवशी एका खुंटानं पुढचा उजवा टायर फाडला होता. आभाळ भरून आलं होतं, दोन गावं राहिली होती, आणि मी पहाटेपासून आभाळाकडे बघून बघून मान दुखवून घेतली होती. हबीबभाईंनी नवा टायर रिमवर चढवला आणि मला म्हणाले, "बाबू, तेवढं धुऊन आना. मी ह्या दोन गाड्या उरकवतो." हातपंपावर बायकांची रांग होती. मी कशाबशा दोन बादल्या मिळवल्या, त्या चाकावर ओतल्या, वरून फडकं फिरवलं. आत, रिमच्या खोबणीत, काळा चिखल वाळून बसला होता. मी बोटानं टोकरून पाहिला, निघेना. पाणी पडल्यावर तो रिमसारखाच काळा चमकायला लागला. तेवढ्यात ढग गडगडला.

"धुतली?"

"धुतली."

त्यांनी चाक टांगलं, फिरवलं, खूण केली, शिसं लावलं. चाक कुठंही थांबायला लागलं तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले.

जाताना गाडी छान चालली, कारण चिखल आणि शिसं एकमेकांना तोलून होते. मग जंगलात तीन नाले उतरलो, एकेकात चाकभर पाणी. धान्य उतरवलं, तेच नाले परत ओलांडले. आतला चिखल भिजला, सुटला, कुठंतरी वाहून गेला. डांबरी रस्ता लागला तसा काशीनाथभाऊंनी वेग घेतला. स्टिअरिंग थरथरायला लागलं. "हबीबनं आजच बॅलन्स केलं, तरी काऊन कापून राह्यली हे?" ते पुटपुटले. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. तोंड उघडून "थांबवा" म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं... मी याद्यांकडे बघत राहिलो. मग एका खड्ड्यानंतर पुढची चाकं अशी काही हेलकावली, की स्टिअरिंग त्यांच्या हातात गरकन फिरलं आणि गाडी रस्ता सोडून मोहाच्या झाडावर गेली. माझा ओठ फाटला. त्यांचं उजवं मनगट स्टिअरिंगच्या आऱ्यात सापडून चुरडलं. पुन्हा कधी त्या हातानं त्यांना गाडी चालवता आली नाही.

चार दिवसांनी हबीबभाईंनी ते चाक हबवर टांगलं. ठेकेदार, दोन ड्रायव्हर आणि मी भोवती उभे होतो. चाक फिरलं, आणि शिसं लावलेली बाजू खाली येऊन थांबली. पुन्हा फिरवलं, पुन्हा शिसं खाली. जणू त्यांनी जड बाजूलाच वजन लावलं होतं. कालपरवा धंद्यात आलेल्या माणसानं करावी, अशी चूक. ते पाच-सहा वेळा फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "बाबू, रिम धुतली होती ना तवा?"

पहिल्यांदा खोटं बोललो ते घाईनं. या वेळी घाई नव्हती. "धुतली होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मंग मीनंच उलट्या बाजूनं लावलं."

माझ्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मला नोकरी जाण्याची भीती होती, पोलिसांत जबाब द्यावा लागेल याची भीती होती. खरं सांगायचं, तर काशीनाथभाऊंच्या तोंडाकडे बघायची भीती सगळ्यांत जास्त होती. त्यानंतर हबीबभाईंनी कोणाचंही चाक हबवर टांगलं नाही. त्यावर ते ट्यूब वाळत घालत. पंक्चर काढत, हवा भरत. त्यांनी चंद्रपूरला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. त्यानं ते आणखीच धास्तावले, कारण मग दोष कशाला द्यायचा? मी महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात जाई, चहा पिई. दरवेळी आज सांगू म्हणून जाई. पुढे माझी नोकरी बदलली, मुलं मोठी झाली, पण आजही एसटीत बसलो की माझा कान पुढच्या चाकावर असतो.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी राजुऱ्याला काशीनाथभाऊंकडे गेलो. निदान एकाला तरी सांगायचं होतं. पुढच्या खोलीत त्यांनी मला खुर्ची दिली, सुनेनं चहा आणला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं : हातपंप, दोन बादल्या, वाळलेला चिखल आणि दोन्ही वेळचं "धुतली". वाटलं होतं, ओरडतील. शिव्या देतील. मला त्या हव्याच होत्या.

ते बराच वेळ डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिले. मग म्हणाले, "दर ईदेले येत होता हबीब माह्याकडे. तेरा वर्सं. शेवया आणे. अन् एकच बोलत होता... माफ कर काशीनाथ, माही नजर चुकली."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काई नाई. मी शेवया ठिवून घेत होतो. 'जाऊ दे' म्हून नाई म्हटलं त्याले. एकडावबी नाई. आत ये म्हूनबी नाई म्हटलं. तो तिथी बसे, उंबऱ्यावर. अर्धा घंटा बसे अन् चालला जाये." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आता हे माफी मी कोनाले देऊ, मेश्राम?"

चहा तसाच निवत होता. मी खुर्चीवरून उठलो आणि उंबऱ्यावर जाऊन बसलो. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते. काशीनाथभाऊंनी मला आत बोलावलं नाही.